अक्षरओटा : बारीक रेघ, हलका हात

मागच्या अंकात हस्ताक्षराच्या वळणाच्या नाजूक फॉन्टविषयी मी दोनच परिच्छेद लिहिले होते. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी ओट्यावरची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. पहिल्या पत्राला उत्तर लांबलं आहे. ते लांबायलाच हवं होतं.

सेलूहून एक भगिनी लिहितात : आई जाऊन दोन वर्षं झाली. तिची चाळीसेक पत्रं माझ्याकडं आहेत. अक्षर बारीक, उजवीकडं किंचित झुकलेलं. लेकीनं मोबाइलमधल्या एका ॲपवर तिच्या अक्षराचा फॉन्ट करून पाहिला, पण शब्द तुटतात, आणि ते आईचं अक्षर वाटत नाही. हे घरी नीट करता येईल का?

ताई, येईल. मी स्वतः केलेलं आहे, म्हणून सांगतो. माझी मावशी अंबाजोगाईला असायची. आई गेल्यावर मला पत्र लिहिणारी तीच. निळ्या आंतरदेशीय पत्रावर शाईच्या पेननं लिहायची आणि कागद संपत आला की अक्षर आणखी बारीक करून कडेच्या घडीवर आडव्या ओळी लिहायची. तिच्या अक्षराचा फॉन्ट करायला मला संध्याकाळच्या वेळात काम करून चौदा महिने लागले. तुम्हालाही घाई करून चालणार नाही.

ॲपनं काय केलं असेल ते आधी सांगतो. तुम्ही अ पासून ज्ञ पर्यंत तक्ता भरून दिला असेल, एकेका चौकोनात एकेक अक्षर. रोमन लिपीत त्यानं थोडंफार भागतं. आपल्या लिपीत शब्द डोक्यावरच्या रेषेनं बांधलेला असतो. हातानं लिहिताना आई आधी अक्षरं लिहून मग अख्ख्या शब्दावर एक रेघ ओढत असेल. फॉन्टमध्ये तशी सलग रेघ नसते. प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याचा तुकडा डोक्यावर घेऊन येतं आणि शेजारच्याला चिकटतं. आईची रेघ थोडी वर चढत असेल, तर ‘क’चा तुकडा वर संपतो, ‘म’चा खाली सुरू होतो आणि मधे पायरी दिसते. म्हणून तुकडा मधे हवा तेवढा लहरू द्या, पण दोन्ही टोकांना तो एकाच उंचीवर आला पाहिजे. शिवाय दोन्ही बाजूंनी चौकटीच्या दहापंधरा एककं बाहेर काढा, म्हणजे शेजारच्या तुकड्यावर थोडा चढेल. (अक्षराची उभी मापं बहुतेक हजार एककांत मोजतात, त्यातली ही एककं.) नुसती कडेला कड लावली तर पडद्यावर सांध्यात केसाएवढी पांढरी फट दिसते.

काही जण वैतागून शिरोरेषाच काढून टाकतात. गुजरातीत ती नाही आणि ती लिपी सुंदर आहे, हे खरं. पण गुजरातीची अक्षरं रेषेविना जगायला शिकलेली आहेत. आपल्याकडं घ आणि ध, म आणि भ यांच्यात डोक्यावरची रेघ सलग की तुटलेली यानंच बरंच काही ठरतं. रेघ गेली की ध आणि भ यांच्या डोक्याला ठळक गाठ द्यावी लागते. आई तशी गाठ देत असेल तरच रेघ सोडा.

आता अक्षरं निवडण्याचं. तक्त्यातलं अक्षर घेऊ नका. माणूस सुटं ‘ल’ लिहितो तेव्हा तो परीक्षेला बसलेला असतो. ‘लवकर ये’ मधला ‘ल’ खरा. पत्रं सहाशे डीपीआयला, म्हणजे इंचाला सहाशे ठिपके, स्कॅन करा, राखाडी छटांत करा. काळंपांढरं स्कॅन केलं की नाजूक रेषेच्या कडा खाल्ल्या जातात. मग शब्दांतून अक्षरं वेचा. जुन्या पत्रांचा यात मोठा उपकार आहे, कारण तेच शब्द पुन्हापुन्हा येतात. ‘अनेक आशीर्वाद’, ‘पत्रास कारण की’, ‘प्रकृतीस जपणे’, ‘कळावे’. मावशीच्या पत्रांत ‘कळावे’ सदतीस वेळा सापडलं, म्हणजे क, ळ, व यांचे सदतीस सदतीस नमुने. त्यांतला सर्वांत देखणा निवडू नका, तिचा नेहमीचा निवडा. मावशी ‘ळ’चं पहिलं वाटोळं आवरून घ्यायची आणि दुसरं सैल सोडायची, ओळीच्या जरासं खाली. मी तो ‘ळ’ आधी सरळ करून बसवला होता. माझ्या मावसबहिणीनं छापील कागद हातात घेतला आणि म्हणाली, “दादा, समदं आईचं हाय, ह्यो ळ मात्र शाळंतला हाय.” दुसऱ्या दिवशी बदलला.

स्कॅनवरून आपोआप आकार काढणारी सोय संगणकात असते. ती प्रत्येक अक्षराला शेकडो बिंदू देते, कागदाचा खरखरीतपणाही नकलून घेते. स्कॅन खाली ठेवून वरून हातानं गिरवा. वळण जिथं सर्वांत वर, खाली, डावीकडं, उजवीकडं पोचतं तिथंच बिंदू हवा. ‘व’चं पोट नीट गिरवलं तर फार थोडे बिंदू पुरतात. आईनं शाईच्या पेननं लिहिलं असेल तर दाब सांभाळा. पेन खाली येताना निबेवर भार पडतो आणि रेघ भरते, वर जाताना भार सुटतो आणि रेघ केसासारखी होते. हे उलटं झालं की डोळ्याला लगेच खटकतं, कारण टोकदार निब वर ढकलताना दाबली तर कागदात रुतते, ते आपल्या बोटांना ठाऊक असतं. बॉलपेननं लिहिलं असेल तर रेघ जवळपास एकसारखी असेल. मग उगीच जाडबारीक करून अक्षर सजवू नका.

झुकलेल्या अक्षराला आणखी एक गोष्ट लागते. मात्रा, अनुस्वार, रफार ही चिन्हं अक्षराच्या बरोबर डोक्यावर ठेवली तर मागं पडल्यासारखी दिसतात. अक्षर जितकं झुकलं तितकी ती उजवीकडं सरकवा. उकार तसेच डावीकडं.

तेच अक्षर जवळजवळ आलं की फॉन्टचं यंत्रपण उघडं पडतं. ‘काका’, ‘मामा’, ‘ननंद’ लिहून बघा. खऱ्या हातानं लिहिलेले दोन ‘का’ कधी जुळे नसतात. म्हणून नेहमी लागणाऱ्या अक्षरांचे दोनदोन, तीनतीन नमुने भरा आणि शेजारी तेच अक्षर आलं तर दुसरा नमुना घे, असा नियम फॉन्टमध्ये लिहा. ओपनटाइप प्रकारच्या फॉन्टात ही सोय असते. मी क, न, म, त, र, स आणि काना यांचे तीनतीन नमुने दिले.

आणि काही अक्षरं पत्रांत सापडणारच नाहीत. मावशीच्या पत्रांत ङ आणि ञ एकदाही नव्हते. घरच्या पत्रात ते कशाला येतील? ङ साठी मी तिच्या ड चं पोट घेतलं आणि तिच्याच अनुस्वारातलं टिंब बाजूला ठेवलं. ञ तिच्या त्र आणि ज वरून जुळवला. ही दोन अक्षरं तिची नाहीत, माझी आहेत. फॉन्टच्या माहितीत मी तसं लिहून ठेवलं आहे. तुम्हीही लिहून ठेवा, पुढं लेकीला कळलं पाहिजे की आजीच्या हातचं कुठलं आणि आपल्या हातचं कुठलं.

जालन्याहून एक मुद्रक विचारतात : लग्नपत्रिकेत नाजूक वळणाचा फॉन्ट वापरला. मरून रंगाचा कागद, सोनेरी फॉइल. पडद्यावर झकास दिसत होता. छापून आल्यावर रेषा तुटल्या आणि मुलीचे आजोबा म्हणाले, “नातीचं नाव बी वाचता येईना गेलंय.” पाचशे पत्रिका वाया गेल्या. चूक कुठं झाली?

भाऊ, तुमचं नुकसान झालं त्याचं वाईट वाटलं. चूक मापात आहे आणि ते माप आधी करता येतं. फॉन्टमधली सर्वांत बारीक रेघ समजा हजारातली वीस एककं आहे. बारा पॉइंटाला ती भरते पॉइंटाचा चौथा हिस्सा, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भागसुद्धा नाही. पांढऱ्या गुळगुळीत कागदावर चांगल्या ऑफसेटला ती कशीबशी तग धरते. फॉइलला धरत नाही. तेच अक्षर चोवीस पॉइंटाला घेतलं की रेघ दुप्पट होते. माझा नियम असा की फॉइल, स्क्रीन प्रिंटिंग किंवा हातकागद असेल तर बारीकातली बारीक रेघ अर्ध्या पॉइंटाखाली जाऊ द्यायची नाही. गडद शाईतून पांढरं अक्षर सोडायचं असेल तर त्याहून जास्त, कारण शाई दोन्ही बाजूंनी आत पसरते आणि रेघ बुजवते. गुळगुळीत पांढऱ्यावर शोभणारा फॉन्ट मरून कागदावर शोभेलच असं नाही, आणि हे पडदा कधी सांगत नाही. ज्या कागदावर छापायचं त्यावर एक नमुना काढून घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हातात द्या. ते चष्मा शोधत असतील तोवर थांबा.

पत्रिकेत नाजूक अक्षराला द्यायची जागा एकच, वधूवरांची नावं. हवं तर वर ‘॥ श्री ॥’. मुहूर्त, स्थळ, निमंत्रक, फोन नंबर ही सगळी माहिती साध्या उभ्या अक्षरात घ्या. मुक्तासारखा फॉन्ट फुकट मिळतो आणि बारीक आकारातही नीट वाचता येतो. आकड्यांबद्दल मी विशेष हट्टी आहे, त्याला कारण आहे. पंधराएक वर्षांपूर्वी मी एका पत्रिकेत फोन नंबर तिरक्या नाजूक आकड्यांत घेतला. त्या फॉन्टातला १ आणि ९ यांच्यात फरक फक्त शेपटीच्या वळणाचा होता. कार्यालयाचा पत्ता ऐन वेळी बदलला, पाहुण्यांनी फोन लावले ते भलत्याच घरी, आणि मुलीची आत्या अक्षता पडल्यावर पोचली. पैसे मी परत केले. आत्याबाईंना त्यानं काय मिळालं?

दोन सवयी आजपासून सोडा. एक, ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवून अक्षरं सुटी करणं. इंग्रजीत ते खपतं, मराठीत शिरोरेषेचे तुकडे होतात. ओळ भरायची असेल तर शब्दांमधलं अंतर वाढवा. दुसरी, फॉन्ट बारीक वाटला की कोरलड्रॉमध्ये त्याला बाहेरून रेघ देऊन जाड करणं. त्यानं ‘ष’ आणि ‘क्ष’च्या आतल्या मोकळ्या जागा भरतात, गाठी गुदमरतात. जाड हवा असेल तर जाड वजनाचा फॉन्ट घ्या. ‘कलम’ या हस्ताक्षरी फॉन्टाची बारीक, मध्यम आणि ठळक अशी तीन वजनं आहेत, ठळक वजन वेगळं काढलेलं आहे, फुगवलेलं नाही.

ग्राहक व्हॉट्सॲपवर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना समजणाऱ्या एका सांकेतिक पद्धतीत, पाठवतो आणि तुमच्या दुकानातले नाजूक फॉन्ट बहुधा जुन्या सांकेतिक पद्धतीचे असतात, ज्यांत मराठी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले आहेत. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं घसरतात. रूपांतरानंतर मजकूर एकदा मोठ्यानं वाचायला कुणाला तरी बसवा, आणि छापायला पाठवण्यापूर्वी कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून, मगच पाठवा.

लातूरहून कला महाविद्यालयातली एक विद्यार्थिनी : सर, मी नाजूक स्क्रिप्ट, म्हणजे हस्ताक्षरी वळणाचा, फॉन्ट करते आहे. किती आकार काढावे लागतील? आणि माझ्या फॉन्टात ‘वऱ्हाड’ लिहिलं की रफार वर जातो.

बेटा, सुरुवात वऱ्हाडापासूनच करू. तो अर्धा र, पापणीसारखा, आपल्या मराठीच्या फार कामाचा आहे. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ यांत मांडवात कोण येणार ते त्या एका चिन्हावर ठरतं. सोयऱ्यांशिवाय, नवऱ्याशिवाय, वऱ्हाडाशिवाय आपल्याकडचं लग्न नाही, आणि तरी हे चिन्ह कित्येक फॉन्टांत राहून जातं. युनिकोडमध्ये ते खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहितात. साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशीही दुसरी रीत आहे. तुझ्या फॉन्टात पापणीचा आकार काढलेला असावा आणि दोन्ही रीतींनी तोच यावा असा नियम असावा. नाजूक फॉन्टात ही पापणी फार सुरेख दिसते. तिला डावीकडून हलकं सुरू करून पुढच्या अक्षराच्या कमरेला नेऊन टेकव.

आकार किती? माझ्या फॉन्टात सहाशे बारा झाले. साडेचारशेच्या आत मराठी नीट भागेल असं मला वाटत नाही. नुसत्या पहिल्या वेलांटीचेच मी सात आकार काढले, कारण ‘नि’ची वेलांटी ‘ष्टि’ला आखूड पडते आणि ‘क्ति’च्या दंडापर्यंत पोचत नाही. वेलांटीचं टोपण दंडाच्या डोक्यावर अलगद उतरलं पाहिजे, अधांतरी राहता कामा नये. ल आणि श यांची मराठी रूपंच काढ, पाकळीचा ल आणि देठाचा श. शासनानं २००९ साली मराठी वर्णमालेचा निर्णय काढला त्यातही हीच रूपं आहेत. फॉन्टफोर्ज हे फॉन्ट बनवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यावर शीक. रोज संध्याकाळी ‘सर्वांनी’, ‘कीर्ती’, ‘उद्धृत’, ‘हृदय’, ‘राष्ट्र’, ‘रुपये’, ‘बहिणींच्या’ हे शब्द छापून भिंतीला लाव आणि दाराजवळून बघ. काम झालं की मला एक कागद पाठव, मी लाल पेन्सिलीनं खुणा करून परत पाठवीन.

नांदेडहून एक वाचक : आपली मोडी ही खरी ‘स्क्रिप्ट’. मग रोमन वळणांची नक्कल करण्यापेक्षा मोडीवरून नाजूक देवनागरी फॉन्ट का करत नाहीत?

तुमच्या प्रश्नानं मला दोन रात्री जागं ठेवलं. मोडी हात न उचलता लिहायची लिपी. लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढायचा आणि मग तिला अक्षरं लटकवत जायचा. म्हणजे माझ्या सेलूच्या ताईंचा शिरोरेषेचा प्रश्न तिथं उद्भवतच नाही. परंपरा मोडीचं श्रेय यादवांच्या हेमाडपंताला देते, म्हणजे देवगिरीला, आपल्याच मातीला. अभ्यासकांत त्यावर एकमत नाही, आणि मी त्या वादात पडत नाही. मोडीतलं शिकण्यासारखं म्हणजे तिचा वेग. एका अक्षराचा शेवट दुसऱ्याची सुरुवात शोधत जातो. देवनागरीत दंड खाली येऊन थांबतो, म्हणून नाजूक फॉन्ट करताना आम्ही दंडाच्या पायाला उगीच शेपट्या लावतो. त्या शेपट्या पुढच्या अक्षराला भिडत नाहीत, नुसत्या लोंबतात. मोडीतून घ्यायचंच तर ‘न’, ‘त’, ‘ल’ यांची आतली वळणं घ्यावीत, शेपट्या घेऊ नयेत. मोडीची अक्षरं मात्र २०१४ पासून युनिकोडमध्ये स्वतंत्र आहेत, तेव्हा मोडी लिहायची असेल तर मोडीच लिहावी. देवनागरीला मोडीचा वेष घालून दोन्ही वाचकांना अडवू नये.

आणखी एक वारसा आपल्याकडं आहे आणि त्याचं नाव कुणी घेत नाही. १९४८ पर्यंत इथला, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या मराठवाड्याचा, कारभार उर्दूत चालायचा. परभणीत माझे पहिले उस्ताद उर्दू आणि मराठी दोन्ही पाट्या रंगवायचे. नस्तालीकचा, म्हणजे उर्दू लिहायच्या वळणाचा, शब्द उजवीकडून डावीकडं उतरत जातो, पायऱ्यांवरून पाणी उतरावं तसा. तो यंत्रात बसवायला इतका अवघड की १९८१ साली नूरी नस्तालीक हा फॉन्ट तयार झाला तेव्हा सुटी अक्षरं जोडत बसण्याऐवजी हजारो जोडआकार हातानं लिहून यंत्रात घालावे लागले. उस्ताद मला मराठी ‘श्री’ शिकवताना म्हणायचे, “सांस छोडते हुए खींचो, बेटा.” श्वास रोखून ओढलेली रेघ थरथरते. आजही संगणकावर ‘श्री’चं वळण बसवताना मी श्वास सोडतो.

बीडहून एक मुख्याध्यापक : शाळेच्या कमानीवर असा फॉन्ट शोभेल का?

नाही, गुरुजी. रस्त्यावरून एसटीत बसलेल्या माणसाला चालत्या गाडीतून वाचता आलं पाहिजे. जाड, उभं, दोन अक्षरांत मोकळी जागा असलेलं अक्षर घ्या. नाजूक अक्षर प्रशस्तिपत्रावर मुलाच्या नावासाठी ठेवा. शक्य असेल तर ते नाव फॉन्टात न घेता शाईनं हातानंच लिहा.

धाराशिवहून एक वाचक : मावशींच्या अक्षराचा तो फॉन्ट आम्हाला मिळेल का?

हा प्रश्न पाच जणांनी विचारला आहे. मी मावसबहिणीला विचारलं, कारण हक्क तिचा. तिनं आठ दिवस घेतले. मग फोनवर म्हणाली की आईनं आयुष्यभर घरच्यांनाच लिहिलं, तेव्हा घरच्यांना लिहायला कुणाला हवा असेल तर द्या. दुकानाच्या पाटीला, जाहिरातीला देऊ नका. एवढ्या अटीवर फॉन्ट विनामूल्य मिळेल. सदराच्या पत्त्यावर आपलं नाव आणि तो कुणाला पत्र लिहायला हवा आहे एवढं कळवा. पेनड्राइव्ह आणि परतीचं पाकीट सोबत जोडा.

त्यात ‘ळ’ सैल आहे आणि ओळीखाली जरा उतरतो, तेव्हा ओळींमधलं अंतर थोडं वाढवून घ्या.